मागच्या सीटखालची हाक

तेवढा एक दिवा राहू द्या, बाकीचे घालवा. आणि मधेमधे "खरंच का हो काका?" करायचं नाही. ज्याची ही गोष्ट, तो माणूस माझ्या शेजारच्या गाळ्यात गाड्यांच्या वायरिंगची कामं करायचा. कित्येक वर्षं सकाळचा चहा आम्ही एकत्र प्यायलो आहोत. खोटं रचण्याइतकी कल्पनाशक्ती त्याच्यात नव्हती.

त्याला सगळे फ्यूज म्हणायचे. एक तर धंदाच तो, आणि दुसरं म्हणजे डोकं कधी उडेल याचा नेम नाही. धाकट्या भावाला त्याने कधी नावाने हाक मारली नाही. कायम 'गाढवा'. पुढे धाकट्याने दोघांचं दुकान सोडलं आणि अपघातातल्या गाड्या आणून विकायला लागला, तेव्हा 'गाढवा' म्हणणंही थांबलं. दोन वर्षं दोघांत एक शब्द नाही. आई धाकट्याकडे राहायची, वस्तीच्या टोकाला.

डिसेंबरचा शेवटचा रविवार. रात्री सव्वाअकराला फ्यूजचा फोन वाजला.

"दादा, आईला धाप लागलीय. अँब्युलन्स लांब गेलीय, दोन तास लागतील म्हणतात. दारात एक गाडी आहे, पण तिचा पेट्रोल ओढणारा पंप चालू होत नाहीये. तेवढं बघतोस का येऊन?"

फ्यूजने टेस्ट लॅम्प, पक्कड आणि वायरचं वेटोळं पिशवीत कोंबलं आणि स्कूटर काढली.

गाडी पत्र्याच्या शेडमध्ये होती. शेजारच्या खिडकीतून आईचा श्वास ऐकू येत होता. घरघर, मग थोडा वेळ काहीच नाही, मग पुन्हा घरघर.

"कधीपासून बंद आहे?"

"आणली तेव्हापासून. दोरीने ओढून आणली."

"आणि मला आज सांगतोस, गाढवा?"

आता हे काम कसं करतात ते ऐका, नाहीतर पुढचं कळायचं नाही. चावी अर्धी फिरवली की मागच्या सीटखाली, टाकीतला पंप दोन सेकंद गुणगुणतो. तो आवाज ऐकायला एक जण मागे टाकीशी बसतो, दुसरा पुढे चावीशी. मागचा म्हणाला "चालू!" की पुढच्याने फिरवायची. "बंद!" म्हणाला की उलटी. हाक आल्याशिवाय चावीला हात लावायचा नाही. कारण मागच्याच्या हातात उघड्या तारा असतात आणि खाली पेट्रोल.

गाडीतला पंपाचा फ्यूज शाबूत होता, पंपाला करंट सोडणारा रिले टकटक करत होता. पंप मात्र ढिम्म. त्याने मागची सीट काढली, टाकीच्या झाकणावरचा प्लग उपसला आणि टेस्ट लॅम्प लावला.

"चालू!"

दिवा लागला.

"बंद! करंट येतोय रे. म्हणजे पंप तरी अडकलाय, नाहीतर प्लग गेलाय. थेट जोडून बघतो."

झाकणाभोवती पेट्रोलची ओल होती. त्याने टॉर्च दातांत धरली, तारा सोलल्या, दोन्ही टोकं चिमटीत घेतली. तेवढ्यात पुढे चावी फिरली.

ठिणगी. आणि भक्कन जाळ.

त्याने शेजारचं गोणपाट त्यावर टाकून अंगाने दाबलं. जाळ विझला. मनगटावरचे केस जळाले होते आणि प्लग जागेवर धरणारी खिट्टी वितळून गेली होती. तो पुढे धावला आणि भावाची गचांडी धरली.

"जीव घेतोस माझा? एवढा राग आहे?"

"तूच म्हणालास 'चालू'!"

"माझ्या तोंडात टॉर्च होती!"

टॉर्च मागे पडली होती, तशीच उजेड टाकत. खिडकीतली घरघर बारीक झाली होती.

"दादा… या गाडीत एक मेकॅनिक जळालाय," धाकटा म्हणाला. "असाच मागे बसला होता. मालकाने हाक यायच्या आधीच चावी फिरवली. म्हणून ही कोणी घेत नव्हतं."

मारावंसं वाटलं फ्यूजला. पण आईला न्यायला दुसरं काही नव्हतं.

"ऐक. मी प्लग बसवून हाताने दाबून धरतो. शिवीसकट हाक आली तरच तो मी. नाहीतर बहिरा हो."

त्याने प्लग दाबला. "गाढवा, चालू!"

खालून गुणगुण आली. इंजिन सुरू झालं. जाळाने तापून अडकलेला पंप सुटला असेल, असं त्याने स्वतःला समजावलं.

धाकट्याने आईला उचलून आणून पुढच्या सीटवर टेकवून बसवलं. फ्यूज मागे गुडघ्यांवर, हात टाकीवरच्या खड्ड्यात. हात काढला की प्लग सुटणार. प्लग सुटला की गाडी थांबणार.

रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. वस्ती मागे पडली आणि त्याच्या बोटांवर दुसरी बोटं आली.

खालून. गरम. कोरडी.

ती एकेक बोट उचकटायला लागली. आधी करंगळी. मग तिच्या शेजारचं. फ्यूजने दात आवळले आणि सगळा भार हातावर टाकला.

"बंद!"

त्याचाच आवाज. हुबेहूब. धाकट्याचा हात चावीकडे गेला.

"गाढवा, हात काढ चावीवरून!"

हात मागे गेला. गाडी पळत राहिली. थोडा वेळ… काहीच नाही. बोटं थांबली होती. ऐकत असल्यासारखी.

मग अगदी शांतपणे,

"गाढवा, बंद!"

फ्यूज ओरडला, "मी नाही!"

"मी नाही!" त्याच आवाजात, लगेच.

"गाढवा, चालव!"

"गाढवा, बंद कर, हात अडकलाय माझा!"

धाकटा रडायला लागला. "दादा, कोणता तू? कोणता?" त्याची बोटं चावीवर होती. फिरवली असती तर पंप पुन्हा लागला नसता आणि आई त्या रस्त्यावरच गेली असती, हे दोघांनाही कळत होतं.

आईने डोळे उघडले नाहीत. श्वास गोळा करायला तिला वेळ लागला.

"तो… माझा नाही," ती म्हणाली. "हात अडकलाय म्हणणारा. तू चालव."

धाकट्याने दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले. पुढचा सगळा रस्ता मागून हाका येत होत्या. विनवण्या. मग शिव्या. मग नुसतं खरवडणं. फ्यूजने हात काढला नाही.

हॉस्पिटलच्या आवारात गाडी आपोआप बंद पडली. आईला आत नेलं, ऑक्सिजन लावला. वाचली ती. पुढे चांगली सहा वर्षं जगली आणि दोघांनाही शिव्या घातल्या.

सकाळी गाडी हलेना म्हणून त्यांनी तिथेच एक मेकॅनिक बोलावला. त्याने टाकीच्या झाकणाची रिंग सोडवली, झाकण उचललं आणि दोघांसमोर धरलं. खाली पंप बसवायची जाळी लोंबत होती. रिकामी. आत फक्त गंज, बोटभर जाड.

"पंप कोणीतरी केव्हाच काढून नेलाय," तो म्हणाला. "गाडी इथे ओढून कोणी आणली?"