कोपरं झाकायची नाहीत

नमुना पहिला : बाद

"चहा प्यायलात?"

"अर्धाच कप."

"कागदावर स्पष्ट लिहिलंय, उपाशीपोटी या."

"उपाशीच आहे ना मॅडम. चहा म्हणजे काय खाणं असतं का?"

उल्हासनगरातल्या आमच्या कॉलेजची प्रयोगशाळा, मे महिन्यातली सकाळ, खिडकीबाहेर फर्निचरवाल्यांच्या करवती. आणि टेबलापलीकडे, खुर्चीत जेमतेम मावलेला एक माणूस बाही वर करून, मूठ आवळून तयार. खरं तर तो खालच्या सभागृहात स्पीकर लावायला आला होता. जिन्यावर आमचा कागद दिसला : संशोधनासाठी निरोगी माणसं हवी आहेत. वाचला आणि सरळ वर आला.

"निरोगी आहे मी," तो म्हणाला. "खात्री करून घ्या."

प्रेमकथेत इथे नायिकेचं वर्णन येतं. घ्या. मी जिज्ञासा, राहणार मोरिवली, अंबरनाथ. डोळे बरे आहेत म्हणतात. दोन्ही कोपरांवर लाल चट्टे, चट्ट्यांवर चंदेरी पापुद्रे. कॉलेजच्या पहिल्या वर्षापासून. आणि मी बिनबाह्यांचेच कुडते घालते... थंडीतसुद्धा.

त्याची नजर कोपरावर आली. येतेच. नंतर ती घाईघाईनं भिंतीवर जाते, हेही मला पाठ आहे. याची गेली नाही.

"हे काय झालंय?"

"सोरायसिस. लागत नाही कुणाला."

"मी कुठं म्हटलं लागतं?"

"लोक तोंडानं म्हणत नाहीत."

"मी हळदीला डीजे वाजवतो मॅडम. मला जे म्हणायचं ते तोंडानंच म्हणतो, आणि माइकवर म्हणतो." तो उठला. "भावेश. खरवईचा. उद्या चहा न पिता येतो."


नमुना दुसरा : तोही बाद

चहा प्यायला नव्हता. गाल मात्र लाडू कोंबल्यासारखा फुगला होता.

"अक्कलदाढ," तो कसाबसा बोलला.

"मग आज नाही घेता येणार."

"रक्त हातातून घेताय ना? दाढेचा काय संबंध?"

हा प्रश्न मला कुणी विचारला, की माझं भान सुटतं. घरी सगळे पळून जातात. हा पळाला नाही... दाढ धरून बसला.

"शरीरात सूज कुठंही असो, रक्तात तिची बातमी असते," मी म्हटलं. "आम्ही तीच बातमी वाचतो. पेशीत यूबिक्विटिन नावाचं एक इवलंसं प्रथिन असतं. ते दुसऱ्या प्रथिनांना चिकटवलं जातं. खूण म्हणून."

"आम्ही पण करतो. खडूनं. फुली मारली की स्पीकर भंगारात."

"सगळे तेवढंच धरून चालतात. खूण लागली, संपला बिचारा. पण ही खूण एकीला एक जोडून साखळी होते, आणि साखळी कशी जोडली त्यावर अर्थ ठरतो. एका तऱ्हेची असेल तर भंगार. दुसऱ्या तऱ्हेची असेल तर... 'सगळे इकडे या, गडबड आहे!' त्यातून सूज."

"आणि गडबड मिटली की?"

"साखळ्या तोडणारी प्रथिनंही असतात. ती कमी पडली, तर भोंगा वाजतच राहतो. आणि भोंगा चालू असताना इन्सुलिननं दार वाजवलं तर पेशीला नीट ऐकू येत नाही. साखर बाहेर रक्तात ताटकळते. चरबीचं गणित बिघडतं, आणि बिघडलेली चरबी उलट भोंग्यालाच जोर देते."

"डीजेसमोर आईचा फोन आल्यासारखं."

"...हो. तसंच." मला हसू आलं, आणि आल्याचा रागही आला. "लोकांना वाटतं कोपराचा आजार कोपरातच असतो. माझी साखरही काठावर आहे. एकाच घरातली भांडणं आहेत ती."

त्यानं दाढेवरचा हात काढला. मग सुजलेल्या गालानं, अर्धवट उघडलेल्या तोंडानं म्हणाला, "तुम्ही बोलत असता तेव्हा हात खूप हलवता. छान दिसतं."

आतल्या दारात माझ्या संशोधनाच्या मार्गदर्शक वृंदा मॅडम उभ्या होत्या. तो गेल्यावर चष्मा पुसत म्हणाल्या, "नमुन्याच्या प्रेमात पडू नये जिज्ञासा. निष्कर्ष वाकडे येतात."

"तो बाद झालाय मॅडम. दोनदा."

"मग कायमचाच बाद कर. आणि काय पडायचंय ते पड."

केला.


इथे पाऊस येतो

प्रेमकथेत. आमच्याकडे नुसता घाम होता, आणि बदलापूरची जांभळं.

खरवईत, नव्या टॉवरांच्या मागे, बिल्डरच्या पत्र्याला खेटून भावेशच्या आजोबांनी लावलेलं झाड आहे. त्याखाली आम्ही पानाचा द्रोण मध्ये ठेवून बसायचो. जिभा जांभळ्या, बोटं जांभळी. पलीकडे क्रेन फिरत असायची.

"जांभूळ खाल्लं की साखर जाते म्हणतात," तो म्हणाला.

"म्हणतात."

"तू नाही म्हणत?"

"मी म्हणते, जांभूळ खाल्लं की कुडता जातो."

तो हसला. मग एकदम थांबला. "एक विचारू? दुखतं?"

"खाजतं. चिरा पडल्या की दुखतं."

त्यानं हात पुढं केला... आणि मध्येच थांबवला. परवानगीसाठी. आजवर माझ्या कोपराला हात लावणारे सगळे डॉक्टर होते. मी मान हलवली. काठोकाठ भरलेल्या हंड्याला खालून आधार द्यावा, तसा त्यानं तळवा कोपराखाली धरला. बराच वेळ. पापुद्रे त्याच्या हातावर पडले, त्यानं झटकले नाहीत.

"लग्न करू या," तो म्हणाला.

"विचारतोयस की सांगतोयस?"

"घाबरत घाबरत विचारतोय."

"मग हो. न घाबरता."


यात माझी काही चूक नाही असा एक फोन

"बाय, जिज्ञासा ना गो? मी भावेशची आई, गोदूबाई. भांडी नको घासू हां! भावेशनी सांगतला मना, साबनाची ॲलर्जी हाय तुला. लग्नापर्यंत जाईल म्हंतो. आमच्या पोरीच्या, सपनीच्या हळदीला ये. पिवला कापड पाठवतंय, ब्लाउज शिव. बाही जरा कोपराखाली ठेव हां. बायका बघतान, मंग बोलतान. तुला कोनी बोललेला मना नाय चालनार."

इतक्या मायेनं आजवर कुणी माझा अपमान केला नव्हता.


भांडण (फक्त बोलणं, बाकी सगळं मी गाळलंय, कारण मी रडले होते)

"साबण?"

"जिज्ञासा, ऐक ना..."

"साबण, भावेश?"

"आईला एकदम सांगितलं असतं तर ती घाबरली असती. हळूहळू सांगणार होतो."

"कधी? बारशाला?"

"मी तुझ्यासाठीच केलं यार. ती तुला नाही म्हणाली असती तर?"

"तर ती मला नाही म्हणाली असती. मी ऐकून घेतलं असतं, भांडले असते. आता ती हो म्हणतेय, ते कुणाला? साबणाची ॲलर्जी असलेल्या एका मुलीला. ती मुलगी कोण आहे? मला तर माहीत नाही. तू तिच्याशी लग्न कर."

"असं नको ना बोलू..."

"मी बारा वर्षं उन्हाळ्यात लांब बाह्या घालायला सांगणाऱ्या आत्या, मावश्या, शेजारणी पचवल्यात. तू सगळ्यांत गोड निघालास. तू मला न विचारता बरी करून टाकलीस."

"काय करू, सांग."

"मी हळदीला येणार. माझ्या ब्लाउजमध्ये. तोपर्यंत तू खरं सांगितलेलं असशील तर तुझी होणारी बायको म्हणून येईन. नसशील, तर जेवून घरी जाईन, आणि परत खरवईत पाऊल टाकणार नाही."


हळद

अंगणात मांडव. पाटावर स्वप्नाली, भावेशची धाकटी बहीण, गळाभर सोनं घालून. तिच्या बाजूला धवलारीण बनूबाई लग्नाचे धवले गात होत्या. आमच्या आगऱ्यांत तिच्या गाण्याशिवाय हळद लागत नाही. कोपऱ्यात भावेशचा डीजे, बनूबाईंचं होईपर्यंत गप्प.

मी मांडवात शिरले. पिवळी साडी, पिवळं ब्लाउज, बाही नाही. गोदूबाईंनी पाठवलेल्या कापडाचंच शिवलं होतं... कापड छान होतं, त्याचा काय दोष?

बायकांची कुजबुज आधी आली, मग वाट मोकळी झाली. जरा जास्तच मोकळी. गोदूबाई लगबगीनं पुढं आल्या. चेहऱ्यावर हसू होतं. कोपरांपाशी येऊन थांबलं.

"बाय... बाही नाय लावलीस?"

मी भावेशकडे पाहिलं. तो डीजेच्या मागे उभा, वायरी हातात, घामानं निथळत. मान खाली.

म्हणजे सांगितलं नव्हतं.

जेवायचीही इच्छा राहिली नाही. मी वळले.

"थांब!"

वायरी टाकून तो आला. बनूबाईंचा धवला अर्ध्यात थांबला. माइकवर बोलण्याच्या बाता मारणारा माणूस. आत्ता त्याचा आवाज पहिल्या रांगेलाही नीट ऐकू गेला नसेल.

"आई, साबण नाय. मी खोटा बोललो. हा आजार हाय. लागत नाय कोनाला, पन जात पन नाय. कधी वाढल, कधी कमी होल. जन्मभर राहील. तिला मायती हाय, मना मायती हाय, फक्त तुला नव्हता मायती. मी घाबरलो." तो माझ्याकडे वळला. "आजपण घाबरलोच होतो. तू वळलीस तेव्हा जास्त घाबरलो."

कुणीतरी मागून म्हणालं, "आनि हिच्या हातची हळद नवरीला लावाची? लागला म्हंजे?"

गोदूबाई माझ्याकडेच बघत होत्या. त्यांनी एकच विचारलं, सरळ, आईनं विचारावं तसं : "पोरांना होल?"

हो म्हटलं तर संपलं, नाही म्हटलं तर साबण.

"होऊ शकतं," मी म्हणाले. "बहुतेक नाही होणार. पण खात्री मी देणार नाही आई. देता येत असती, तरी लग्नासाठी म्हणून दिली नसती."

तेवढ्यात पाटावरून आवाज आला.

"ओ शास्त्रज्ञ वहिनी," स्वप्नाली ओरडली, "लागत नाही ना? मग लवकर लाव. बसून बसून माझ्या पायाला मुंग्या आल्यात, आणि ही मंडळी मीटिंग घेतायत!"

आणि तिनं गाल पुढं केला.

मी गेले. वाटीतली हळद ओंजळीत घेतली आणि तिच्या गालांना, कपाळाला, हातांना लावली. माझे चट्टे मांडवाच्या दिव्यांत लखलखत होते. मागे पाहिलं नाही. मला फक्त बनूबाईंनी घसा खाकरल्याचा आवाज आला; त्यांनी धवला सोडला होता तिथून पुन्हा उचलला.

हात पुसत उठले तेव्हा गोदूबाई समोर होत्या.

"मना येल लागंल," त्या म्हणाल्या. "आज हो बोलनार नाय. पोरानी मना येडी केली, त्याचा राग हाय. तुझा नाय." त्यांनी माझ्या कोपराकडे पाहिलं, डोळे न चोरता. "पन नाय पन बोलनार नाय."

"चालेल आई. घ्या वेळ. मी मात्र तोवर बाही लावणार नाही."

"ता दिसताय मना," त्या म्हणाल्या, आणि ओठांच्या कडेला काहीतरी हललं. हसू नव्हतं. पण होईल.

भावेश अजून तिथंच उभा होता, शिक्षा झालेल्या पोरासारखा.

"माफ केलंस?"

"नाही. वेळ लागेल. आईंकडून शिकले आत्ताच."

"मग... जाणार?"

"वेडा आहेस का? हळदीला आलेय. गाणं लाव."

त्यानं लावलं. पहिल्याच ठोक्याला पत्रे थरथरले, पोरं मांडवात उतरली, बायका पदर खोचून आल्या. पाहता पाहता मघाची मोकळी वाट भरून गेली; नाचायला जागा पुरेना, तेव्हा माझ्यापासून लांब उभं राहणं कुणालाच परवडेना. भावेशनं डीजे चुलतभावाच्या ताब्यात दिला आणि गर्दीतून वाट काढत माझ्यासमोर आला.

"मला तू हवीस," तो कानाशी ओरडला. "अशीच. हे आधी बोलायला हवं होतं."

"ऐकू येत नाही!"

"मला तू..."

"मोठ्यानं!"

तो इतक्या मोठ्यानं ओरडला की शेजारच्या टॉवरमधल्या दोन खिडक्या उघडल्या.

आमच्याकडे हळदीला नाचताना हात खाली ठेवत नाहीत. मी दोन्ही हात वर केले.