वरून ओतलेलं तेल

पंचफुला दारातच उभी राहिली. "आत या बाई," असं सूर्यभान वानखडे दोनदा म्हणाला, तरी तिची नजर खोलीतल्या दुसऱ्या माणसावरून हलेना. तो दुसरा माणूस म्हणजे नत्थुजी गुरुजी. धरणीमाय पोटात घेईल तर बरं, असं त्यांना झालं.

राजापेठेतल्या या माडीवर 'खासगी तपास' अशी पाटी होती. शाळेतून निवृत्त झाल्यापासून गुरुजी रोज सकाळी इथे चहाला येत आणि सूर्यभानच्या तपासात नाक खुपसत. नाक मोठं होतं, हाती मात्र त्यातून तपकिरीशिवाय काही लागत नसे.

"हे गुरुजी मालकाचे साळे हायेत," पंचफुला म्हणाली. "यायनंच पोलिसाले सांगतलं, का माह्या नवऱ्यानं ब्रेकच्या नळ्या खोलल्या."

"खोलल्या तं होत्याच," गुरुजी पुटपुटले.

"हवा काढाले खोलल्या. तुमीच तं पॅडल दाबून राहिले होते जी!"

सूर्यभानने तिला बसायला मोडा दिला आणि सगळं विचारून घेतलं. तिचा नवरा देवमन हा वामनरावांचा ड्रायव्हर. लढाईच्या दिवसांत तो लष्करात गाड्या चालवायला शिकला होता. गेल्या शनिवारी त्याने मालकांच्या अंगणात मोटारीच्या ब्रेकमधलं जुनं तेल काढून, घरीच एरंडेल आणि स्पिरिट मिसळून केलेलं नवं भरलं. रविवारी त्याची सुटी, म्हणून वामनराव स्वतः गाडी घेऊन अकोल्याला निघाले. बोरगावमंजूच्या अलीकडे उतारावर पॅडल पार तळाला गेलं आणि मोटार डोमाजी नावाच्या शेतकऱ्याच्या बैलबंडीवर आदळली. डोमाजीचा पाय मोडला.

"मालक म्हणतेत, दसऱ्याले नागपूरले दीक्षाभूमीवर जाची सुटी नाई देली, म्हणून यानं डूख धरला. सोमवारी अकोल्याच्या कोर्टात उभं करतेत. लायसन गेलं तं आमी खाव काय?"

एवढं बोलून ती उठली. तिने चहा घेतला नाही, आणि घेतला असता तर कोणत्या कपात, हा विचार आपल्या मनात येऊन गेला हे गुरुजींनी स्वतःपाशीही कबूल केलं नाही.

सूर्यभान प्रथम गुरुजींना घेऊन पुंजारामच्या शेडात गेला. अपघातानंतर गाडी तिथेच ओढून आणली होती. पुंजाराम राजापेठेतला नावाजलेला मिस्त्री, आणि त्याच्या तोंडाला झाकण नव्हतं.

"एनिमाच्या भांड्याची नळी लावून घरी ब्रेक करतेत! असलं काम माह्या हातचं गेलं, राग येईनच ना? पण अपघाताच्या आंधी गाडीले म्या हात नाई लावला."

"देवमनचं काम कसं आहे?"

पुंजारामने नाइलाजाने खरं सांगितलं. "हवा काढाचे चारी निपल घट्ट. थेंब गळत नाई. माणूस हुशार आहे, खोटं कायले बोलू?" मग त्याने एक रबरी वाटी तळहातावर ठेवली. "हे पाहा. तेलाले दाब देणारी वाटी. भिजल्या चण्यावानी फुगली. हे कशानं झालं, थे मले नाई समजत."

सूर्यभानने त्याच्याकडून दोन कोऱ्या वाट्या मागून घेतल्या. गुरुजींना वाटलं, पोराटोरांचा खेळ चालला आहे.

तिथून दोघे वामनरावांकडे गेले. शेंदूरजनाघाटच्या संत्राबागांचे मालक, बोलणं रोखठोक.

"मूर्तिजापूरपासून चाकातून जळका वास येऊन राहिला होता," ते म्हणाले. "गाडी जड चालत होती, कोणी मागून धरल्यावानी. मले वाटलं, हँडब्रेक राहिला. देवमनशिवाय गाडीले कोण हात लावते? बिनभाड्याची खोली देली, लेकरावानी वागवलं."

त्या वेळी ओसरीवर वामनरावांच्या पत्नी, गुरुजींची धाकटी बहीण मैनाबाई, शिवणयंत्रावर बसल्या होत्या. यंत्र असं कुरकुरत होतं की बोलणं ऐकू येईना.

"वहिनी, यंत्राले तेल द्या न," सूर्यभान म्हणाला.

"सरलं. उद्या आणीन."

तेवढ्यात फाटकाशी तेलीण आली. मैनाबाईंनी बसल्या जागेवरूनच तिला घालवली. "आज शनवार हाय माय! शनवारी कोणी तेल घरात घेते काय? साडेसाती लागते!"

"देवमनले एरंडेल तुमीच देलं होतं?" सूर्यभानने विचारलं.

"मीच. नाई तं कोण? पहिली बाटली त्याच्या डब्यात ओतली, थ्यात त्यानं दवाखान्यातलं स्पिरिट मिसळलं. मंग चौथ्या चाकाच्या वक्ताले ओरडला, तेल कमी पडून राहिलं. मंग पुन्हा नेऊन ओतलं."

सूर्यभानने मान डोलावली. निघताना कुंपणाच्या भिंतीवरच्या एका उपड्या ॲल्युमिनियमच्या पेल्याकडे त्याने बोट केलं. "हा कोणाचा?"

"देवमनचा," गुरुजी चटकन म्हणाले. त्यात विचारण्यासारखं काय, हे त्यांना कळलं नाही.

माडीवर परतल्यावर मात्र गुरुजींना राहवेना. आठ दिवस एक गोष्ट त्यांनी मनात दाबून ठेवली होती.

"सूर्यभानजी, दोष माहा आहे. देवमन चाकाखालून सांगे, 'दाबा'. मी पॅडल दाबो. तो निपल खोले, नळीतून तेल शिशीत जाये. मंग तो निपल बंद करे अन् म्हणे, 'सोडा'. तिसऱ्या चाकाले मले तपकिरीची शिंक आली, अन् तो म्हणाच्या आंधी पाय सुटला. हवा गेली असन आत. मी कोणाले बोललो नाई. पोलिसाले त्यानं नळ्या खोलल्याचं सांगतलं, माह्या शिंकेचं नाई सांगतलं."

सांगताना त्यांचे कान लाल झाले. तीस वर्षं पोरांना 'खरं बोला' म्हणून छड्या मारलेला माणूस!

सूर्यभान हसला नाही. "नळीचं टोक शिशीत कसं होतं?"

"तेलात बुडलं होतं."

"मंग हवा कशी जाईन? जाईन तं तेलच मांगं जाईन. म्हणूनच तं थे बुडवून ठेवतेत. तुमची शिंक निर्दोष आहे, गुरुजी. आता सांगा, दुसऱ्या वक्ताले मैनावहिनीनं तेल ओतलं तवा तुमाले काय दिसलं?"

गुरुजींना एवढं हलकं वाटलं की ते भडाभडा बोलले. "देवमन खालून म्हणला, 'बाई, बाटली इथी ठेवा, मी पाहून घालतो.' मैना म्हणली, 'राहू दे, मीच ओतते.' अन् बॉनेटमंधल्या ब्रेकच्या टाकीत वरूनच धार धरली, हातभर उंचावरून. लुगड्यावर शिंतोडे उडाले, थे कटकट करत आत गेली."

"शिंतोडे," सूर्यभान म्हणाला, आणि त्याने खिशातून पुंजारामच्या दोन कोऱ्या वाट्या काढल्या.

रविवारी दुपारी वामनरावांच्या ओसरीवर सगळे जमले. देवमन आणि पंचफुला अंगणात उभे होते. सूर्यभानने दोन कपबशा मांडल्या.

"काल या दोनी कपात एकसारख्या कोऱ्या वाट्या टाकल्या. एकात एरंडेल आहे. दुसऱ्यात बाजारातलं यंत्राचं तेल."

पहिल्या कपातली वाटी होती तशीच निघाली. दुसरी बाहेर काढताना कपाच्या कडेला अडकली, इतकी फुगली होती.

"ब्रेकमंधली अशीच फुगली. म्हणून चाकं धरून राहिली, जळका वास आला. चाकं तापली, आतल्या स्पिरिटची वाफ झाली, अन् उतारावर पॅडल तळाले गेलं. वहिनी, एरंडेल दाट. थ्याची धार लोंबत पडते, शिंतोडे उडत नाई. दुसऱ्या वक्ताले बाटलीत काय होतं?"

मैनाबाईंचा चेहरा उतरला. "एरंडेल सरलं होतं. शनवार, आणता येत नव्हतं. यंत्राच्या तेलाची शिशी होती, थेच बाटलीत ओतलं. तेल थे तेल, असं वाटलं मले. माय वो, थ्यानं झालं काय?"

वामनराव गरजले, "मंग देवमनले समजाले नाई पायजे? लष्करात शिकला म्हणते!"

"समजलं असतं," सूर्यभान म्हणाला. "बाटली हातात आली असती तं वासानंच समजलं असतं. त्यानं मांगतली होती. गुरुजीच्या समोर मांगतली. काहून नाई देली?"

भिंतीवरचा पेला आता सगळ्यांना दिसत होता.

गुरुजींना काल कबूल केलेली शिंक आठवली. ती चूक किती लहान होती! त्यांनी सगळं डोळ्यांनी पाहिलं होतं, तोंडाने सांगितलंही होतं. पण रोजचंच म्हणून त्यांना त्यात काही दिसलं नव्हतं. मैना दहा वर्षांची असताना 'वरून ओतावं' हे तिला मोठ्या भावानेच शिकवलं होतं. असली लाज त्यांना आयुष्यात कधी वाटली नव्हती.

"मी कोर्टात बोललो तं थो तर्क होईन," सूर्यभान हळू म्हणाला. "तुमी बोलले तं साक्ष."

"दादा," मैनाबाई रडवेल्या झाल्या, "चार लोकायत घरचं सांगशीन?"

सोमवारी अकोल्याच्या कोर्टात त्यांनी पहिली जबानी चुकीची होती असं सांगितलं, आणि मग सगळं क्रमाने सांगितलं. न्यायाधीशांनी लिहिता लिहिता मान वर केली.

"ड्रायव्हरने बाटली मागितली होती, तर ती त्याच्या हातात का दिली नाही?"

मागच्या बाकावर वामनराव खाली मान घालून बसले होते. गुरुजींनी कठडा घट्ट धरला.

"विटाळ होईल म्हणून, साहेब. आमच्या घरची रीत आहे. मीही ती पाळत आलो."

देवमन सुटला. लायसन त्याच्या हातात परत आलं. बाहेर कडुलिंबाच्या झाडाखाली तो गुरुजींजवळ येऊन उभा राहिला. गुरुजींनी माफी मागायला तोंड उघडलं.

देवमनला वाटलं, म्हातारा अजून त्या शिंकेचाच घोर लावून बसलाय. शिंकेचं सूर्यभानने त्याला सांगितलं होतं.

"गुरुजी, मनाले लावून घेऊ नोका," तो समजुतीने म्हणाला. "पॅडल तुमी बराबर दाबलं होतं."

गुरुजी तिथेच पारावर बसले आणि दोन्ही हातांनी त्यांनी तोंड झाकून घेतलं.