सात नंबरच्या पोर्टाचा दिवा

विश्वास ठेवायचा तर ठेवा, नाहीतर हसून सोडून द्या. माझा नवराही हसला होता. पण हे मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय, कानांनी ऐकलंय, आणि अजून त्याच खाणीत कामाला जाते.

मी ओदील. ऑन्टारियोच्या उत्तरेला आमचं खाणगाव आहे. नाव सांगत नाही. खाणीतले फोन, कॅमेरे, पंखे ज्या तारांवर चालतात, त्या तारांचं काम माझ्याकडे.

गोष्ट गेल्या जानेवारीतली. दिवसपाळीची. तुम्ही म्हणाल, भुतं रात्री दिसतात. अहो, जमिनीखाली मैलभर गेल्यावर रात्र काय आणि दिवस काय!

काम निघालं होतं त्या लेव्हलवर, म्हणजे खाणीतल्या त्या मजल्यावर, जायचं मी टाळत आले होते. दोन वर्षांपूर्वी तिथेच छत कोसळलं होतं. पलीकडच्या बोगद्यात एकच माणूस अडकला.

माझा धाकटा भाऊ, मार्सेल.

बोगद्याच्या टोकाला एक आसऱ्याची खोली होती. लोखंडी दार, पाण्याचे कॅन, हवेचा पाइप आणि एक फोन. आमच्याकडून पहिल्याच दिवशी घोकून घेतात. काही झालं तर त्या खोलीत शिर, दार लावून घे, फोन कर आणि वाट बघ. कोणीतरी येतंच.

वरून फोन लावला तर नुसती एकसुरी शिट्टी यायची. सगळ्यांनी धरलं, तार तुटली. खडक इतका सैल होता की खोदणारेच गाडले गेले असते. शेवटी काँक्रीटची भिंत घालून बोगदा बंद केला. फोनच्या यादीतून त्या खोलीचा नंबरही काढून टाकला. मार्सेल हाती लागला नाही, म्हणून आईने अंत्यविधीही करू दिला नाही.

त्या दिवशी भिंतीच्या अलीकडच्या कपाटात नवा स्विच बसवायचा होता. स्विच म्हणजे दिव्याचं बटण नव्हे. एक चपटी पेटी, तिला ओळीने भोकं. त्यांना पोर्ट म्हणतात, एकेका पोर्टात एकेक तार. तिथली जुनी पेटी मुकी होती, तिला काही विचारायची सोय नव्हती. नवी मॅनेज्ड, म्हणजे विचारलं तर बोलणारी. कुठल्या तारेच्या टोकाला काय आहे, ते किती वीज खातंय, सगळं सांगते. शिवाय वर ऑफिसात बसून कुठलाही पोर्ट बंद करता येतो.

सोबत आइमो होता. म्हातारा फिनिश गडी, निवृत्तीला टेकलेला.

"एवढी भोकं?" तो म्हणाला. "माझ्या मोज्यांनाही नाहीत इतकी."

"मग शिवत जा की."

"कोणासाठी शिवू? बघणारी गेली. तू आपली पेटी बसव, बाई."

पेटी पट्टीवर घट्ट केली. आधी अर्थिंग, मग वीज, मग वरून आलेली मुख्य तार. लॅपटॉप जोडून पेटीला नाव दिलं, पत्ता दिला. मग जुन्या पेटीतली एकेक तार काढून नवीत घालायला लागले. पंखा. कॅमेरा. पंप. प्रत्येक तारेवर चिठ्ठी होती.

एका तारेवर नव्हती.

ती वर छताकडे गेली होती, हवेच्या पाइपाला बांधलेली. डोक्यावरच्या बॅटरीच्या उजेडात मी तिचा माग काढत गेले. ती थेट…

काँक्रीटच्या भिंतीत शिरत होती.

इतके दिवस ती जुन्या पेटीत तशीच होती. त्या पेटीचे दिवे चिखलाने कधीच माखले होते. कोण बघणार?

"मेलेली तार आहे ती," आइमो म्हणाला. "राहू दे."

पण आमची रीत आहे. ज्या तारेचा धनी माहीत नाही, ती लावून बघायची. दिवा लागला तर जिवंत, नाहीतर कापून टाकायची.

मी ती सात नंबरच्या पोर्टात घातली.

थोडा वेळ काहीच नाही. मग…

हिरवा दिवा लागला.

"ओल आली असेल," आइमो पुटपुटला.

ओलीने हा दिवा लागत नाही. पलीकडे चालू यंत्र असावं लागतं. मी लॅपटॉपवरून पेटीला विचारलं, सातवर काय आहे?

उत्तर आलं, फोन.

शेजारी विजेचा आकडा दिसत होता. नुसता ठेवलेला फोन खातो, तेवढीच वीज. आणि माझ्या डोळ्यांदेखत तो आकडा…

चढला.

रिसीव्हर उचलला की तो असाच चढतो. आयुष्यभर फोनच बसवत आलेय मी.

आकडा उतरला. पुन्हा चढला. कोणीतरी उचलत होतं, ऐकत होतं, ठेवत होतं. आणि परत उचलत होतं.

"आइमो, त्याचा नंबरच आपण काढून टाकलाय! तो उचलतोय, पण फोन कुठे लागतच नाहीये!"

"तो म्हणजे कोण?" आइमो ओरडला. "पोरी, दोन वर्षं झाली! कोण जगतं दोन वर्षं?"

मी कपाटाशेजारच्या फोनवरून वर ऑफिसला लावला. कर्टिस साहेबांनी उचलला.

"साहेब, त्या खोलीचा नंबर परत यादीत घाला. थोड्या वेळापुरता. हात जोडते."

ते हळू आवाजात म्हणाले, "ओदील, तुला तिथे पाठवायलाच नको होतं. माझं चुकलं. वर ये. बिनधन्याचा पोर्ट उघडा ठेवायचा नाही, तुला माहीत आहे. मी इथूनच बंद करतो."

"साहेब, थांबा! त्याने आत्ता कानाला…"

दिवा विझला.

आम्ही दोघं तसेच उभे. पंख्याची घरघर. कुठेतरी पाणी ठिबकत होतं.

आणि मग…

ठक्.

हवेच्या पाइपातून.

ठक्. ठक्.

शोधाच्या दिवसांत माणसं त्या पाइपाला कान लावून बसली होती. तेव्हा कणभर आवाज आला नव्हता. का, ते मला आत्ता कळलं. हातात चालू फोन असताना मार्सेल पाइप कशाला ठोकेल? त्याला शिकवलंच होतं, फोन कर आणि वाट बघ.

मी पान्हा उचलून पाइपावर तीनदा मारला.

पलीकडे सगळं थांबलं. मग जे ठोकणं सुरू झालं ते आवरेचना. वेड्यासारखं. दोन्ही हातांनी.

आइमो कानांवर हात ठेवून खाली बसला, देवाचं नाव घेत. मी लॅपटॉपवरून सात नंबर पुन्हा उघडला. दिवा नाही. तार काढून परत घातली. नाही.

तेवढ्यात सुरुंगाचा भोंगा झाला. पाळी संपली की खाली सुरुंग उडवतात. त्याआधी प्रत्येकाने वर जाऊन फळीवरून आपला बिल्ला उतरवायचा, म्हणजे खाली कोणी उरलं नाही हे कळतं. मी हलेना. आइमोने मला कमरेला धरून लिफ्टमध्ये ओढत नेलं.

"मार्सेल, मी परत येते!" मी ओरडत होते. लिफ्ट निघाली तरी ठोकणं चालूच होतं.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी माणसं आणून, यंत्रं लावून ऐकलं. काही नाही. आइमोने लगेच निवृत्ती घेतली. आता विचारलं तर म्हणतो, "पंपाचा आवाज होता." पण माझ्याकडे बघत नाही.

मला वाटतं ते सांगते. फोन चालू होता तोवर त्याला वाटत असेल, लाइन खराब आहे, कोणीतरी दुरुस्त करतंय. तेवढ्या आशेवर तो बसला होता. मग फोन गेला. मग पाइपावर उत्तर आलं, आणि उत्तर देणारी निघून गेली. त्याला कळलं, आता कोणी येणार नाही.

आईला मी यातलं अक्षरही सांगितलं नाही. पण त्या रविवारी चर्चहून आल्यावर ती कोट न काढताच खुर्चीत बसली. म्हणाली, "पाद्रींना सांगून आले. मार्सेलचं उरकून टाकू."

तिला कसं कळलं, हे विचारायची माझी छाती झाली नाही.

नियम मोडून सात नंबर मी उघडाच ठेवलाय. आकडा शून्य असतो. त्या लेव्हलवर काम निघालं की मी पाइपावर तीनदा ठोकते आणि कान लावून बसते. काही येत नाही. मग सुरुंगाची वेळ होते, आणि मला वर यावं लागतं.