नदीजवळचा तंबू

"कोणी आहे का?"

दुकानात वाळत टांगलेल्या तंबूंपैकी मधल्या पिवळ्या तंबूतून एक डोकं बाहेर आलं आणि भिंतीतल्या कपाटाकडे बघून अदबीने म्हणालं, "या ना, बसा."

ती बरोबर उलट्या बाजूला, दाराशी उभी होती. "इकडे," ती म्हणाली. डोक्याने आता छताकडे पाहिलं. तिला हसू आवरेना. "अहो, मी कपाटात नाही, माळ्यावरही नाही. दारात आहे... भिजतेय."

तेव्हा कुठे तो वळला. दातात दोरा, हातात जाड सुई, आणि चेहरा असा, की भांडायला आलेल्यानेही आधी खुशाली विचारावी.

दुकान त्याच्या मावशीचं. तंबू, स्लीपिंग बॅगा, पाठीवरच्या सॅक, सगळं भाड्याने मिळायचं. फाटलेलं शिवायचं काम भाच्याकडे. धुतलेले तंबू छताखाली दोऱ्यांवर वाळत असायचे आणि खिडकीतला उजेड त्यांतून झिरपून फरशीवर निळा, पिवळा, हिरवा होऊन पडायचा. त्या उजेडात उभं राहिलं की आपण कशाला आलो तेच ती पुढेपुढे विसरायला लागली. पहिल्या दिवशी मात्र तिला पक्कं ठाऊक होतं. दादा, वहिनी आणि ती, अशी तिघं राष्ट्रीय उद्यानात मुक्कामाला जाणार होती आणि तंबू हवा होता.

"जागा ठरली?" त्याने भिंतीवरच्या नकाशाकडे बोट केलं. "तळ्याकाठी, नदीकाठी, की वर माळावर?"

"चांगली कुठली?"

"तुम्हाला झोप कशाने येते त्यावर आहे. तळ्याकाठी माणसं असतात, गप्पा, गिटार. नदीकाठी पाणी इतकं गरजतं की शेजारच्याची हाक कुठून आली ते कळत नाही. ती जागा कोणी मागत नाही. आणि माळावर..." तो जरा थांबला. "माळावर काहीच नसतं. गवत हललं तरी कळतं."

"मग माळच! मी दिवसभर एका बंद खोलीत लोकांचे कान तपासते. बीप ऐकू आलं की बटण दाबा, बीप ऐकू आलं की बटण दाबा. घरी उशीवर डोकं टेकलं तरी बीप! वर्षभर मी या सुट्टीची वाट बघतेय. मला एकदाच खरी शांतता ऐकायचीय."

त्याच्या हातातला दोरा तुटला. "कान... तपासता?"

"हो. का?"

"काही नाही. छान काम आहे."

"आणि तुम्ही जाता तेव्हा कुठे राहता?"

"मी जात नाही," तो म्हणाला आणि सुईत दोरा ओवायला लागला. "आता नाही जात."

मावशीचा एक कडक नियम होता. तंबू नेणाऱ्याने तो आधी दुकानामागच्या अंगणात स्वतःच्या हाताने उभा करून दाखवायचा; जमेपर्यंत तंबू दुकानाबाहेर जाणार नाही. "जंगलात मी येणार नाहीये खुंट्या ठोकायला," असं ती प्रत्येकाला सुनवायची. हिचा तंबू पहिल्या खेपेला बसला तो बसलाच. दुसऱ्या खेपेला वाकडा. पुढच्या एका खेपेला मात्र तो असा ताठ उभा राहिला की तीच घाबरली. मावशी बघायला बाहेर येण्याआधी तिने हळूच एक खुंटी उपटून खिशात टाकली.

"पाहिलं मी," तो म्हणाला.

"काय पाहिलंत?"

"खुंटी."

"मग सांगा मावशींना."

"सांगणार होतो..." तो तंबूची दोरी उगाचच सैल करत म्हणाला. "पण मग तुम्ही उद्या कशाला याल?"

वहिनीच्या नजरेतून काय सुटणार? "तंबू आणायचाय की तंबूवाला, ते एकदा ठरव बाई," ती म्हणाली. "मला त्या अंदाजाने सामान भरायला बरं."

एव्हाना तिला एक गोष्ट कळली होती. तो नेहमी तिला उजव्या हाताला ठेवून चालायचा. डाव्या बाजूने हलकेच काही म्हटलं की ते वाऱ्यावर जायचं. रोजच्या सवयीने तिने ते ओळखलं आणि मनातच ठेवलं. कधीकधी मात्र, तो शिवत बसलेला असताना, ती मुद्दाम त्याच्या डावीकडे बसायची आणि अगदी हळू म्हणायची, "तुमचं हसणं फार गोड आहे..." तो शांतपणे टाके घालत राहायचा. तिच्या कानशिलांपर्यंत लाली चढायची.

सॅक भरायला ती सगळं सामान घेऊन दुकानातच आली. जड वस्तू पाठीला लागून, हलक्या खाली, रेनकोट सगळ्यात वर... तो सांगत होता आणि एकेक वस्तू बाहेरही काढत होता. दोन छत्र्या. घरची गुबगुबीत उशी.

"यातलं निम्मं तुम्ही भीतीने भरलंय," तो म्हणाला.

"आणि बाकीचं?"

"वहिनींनी."

दोघंही हसत सुटली. स्लीपिंग बॅग दाबून बसवताना सॅकच्या आत त्यांचे हात एकमेकांवर आले आणि... दोघांनाही ते काढायची घाई नव्हती.

तेवढ्यात मावशी तणतणत आली. मागे दोन गिऱ्हाइकं. "अरे, केव्हाची ओरडतेय! याचं हे असंच. या कानाने ऐकतो, त्या कानाने सोडतो. दोन वर्षं झाली, कशात लक्ष म्हणून नाही या मुलाचं!"

त्याने मान खाली घातली. तिला ते बघवलं नाही. "लक्ष असतं हो त्यांचं, मावशी! डाव्या कानाने त्यांना ऐकूच येत नाही."

उचलली जीभ, लावली टाळ्याला! मावशीचा चेहरा पांढरा पडला. तिला हे माहीतच नव्हतं. दोन वर्षांपूर्वी एका तापाने त्याचा तो कान गेला होता, आणि त्याने ते घरात कुणालाच कळू दिलं नव्हतं. कुणाचा कान कसा आहे हे चारचौघांत बोलायचं नाही, हा तिच्या कामातला पहिला धडा. आणि ज्याच्या बाबतीत तो सर्वांत जपायचा, तिथेच ती चुकली होती.

"तुमची सॅक भरून झालीय," तो म्हणाला आणि आत निघून गेला.

घरी ती उशीत तोंड खुपसून रडली. वहिनीने सगळं ऐकून घेतलं. "चूक झाली ना? मग निस्तर. पण मला सांग, एवढा जंगलवेडा माणूस, जायचंच का सोडलं त्याने?"

ती उठून बसली. एका कानाने आवाज कळतो, दिशा नाही कळत! माळावरच्या अंधारात एक काटकी मोडली, तर ती पुढे मोडली की पाठीमागे, हे त्याला कसं कळावं? भीती वाटली असेल. आणि ती सांगायचीही लाज वाटली असेल. दिवसभर कान तपासणाऱ्या तिला हे सुचायला वहिनी लागली.

सकाळी तिने उद्यानाच्या कार्यालयात फोन करून जागा बदलून घेतली. दादा कपाळावर हात मारून म्हणाला, "लोक नदीकाठची सोडून माळावरची मागतात गं!"

दुकानात मावशीने तिला बघितलं आणि डोळे पुसले. "विनाकारण बोलत राहिले गं मी त्याला... जा, अंगणात आहे. उजवीकडून जा."

तो तंबूची घडी घालत होता. तिने दुसरं टोक उचललं.

"चुकलं माझं," ती म्हणाली. "ते सांगायचा हक्क फक्त तुमचा होता."

"मी कधीच सांगितलं नसतं." तो किंचित हसला. "मावशी आता इतकी जोरात बोलते, की उजवाही जायचा."

"मी जागा बदललीय. नदीकाठची घेतलीय."

घडी अर्धवट राहिली. "तिथे तुम्हाला झोप लागायची नाही. तुम्हाला तर शांतता..."

"हवी होती. पण माळावर तुम्ही येणार नाही. नदीकाठी कुठला आवाज कुठून आला, हे मलाही कळणार नाही. कोणालाच कळत नाही, तुम्हीच म्हणालात. तिथे आपण दोघं सारखेच." मग तिने एका दमात म्हणून टाकलं. "तुम्ही मला आवडता. कालपरवापासून नाही... पहिल्या दिवसापासून."

त्याने उजवा कान तिच्याकडे वळवला.

"पुन्हा म्हणा," तो म्हणाला.

"ऐकू नाही आलं?"

"आलं. म्हणूनच."

तिने पुन्हा म्हटलं. त्याने डोळे मिटून ऐकलं, आणि मग तंबू सोडून तिचा हात धरला. "मला अजून भीती वाटते," तो हळूच म्हणाला. "पण तुम्ही आज आलाच नाहीत तर, ही भीती त्याहून मोठी होती. काल तसा आत गेलो आणि रात्रभर... मलाही तुम्ही फार आवडता हो. येतो मी."

"दुकान मी बघेन!" खिडकीतून मावशी केवढ्याने तरी ओरडली. "पण तंबू वेगळा न्यायचा, सांगून ठेवते!"

दोघंही दचकून हात सोडून उभी राहिली. लाजून तो पुन्हा घडीकडे वळला, आणि जरा वेळाने त्याने विचारलं, "मग... तुमचा तंबू कुठे लावायचा?"

"तुमच्या उजवीकडे," ती म्हणाली.