साडेएकोणतीस दिवसांचं कोडं

मिरजेच्या चेतारोपण संस्थेतल्या तपासणीच्या खोलीत सगुणाताई कुंभोजकर मांडीवर हात ठेवून बसल्या होत्या. समोरच्या पडद्यावर त्यांच्या आतड्याची चौदा महिन्यांची चाल हिरव्या रेघांनी काढलेली होती. आपलं पोट असं भिंतीवर लागलेलं बघून पहिल्या वेळी त्या पाठ फिरवून बसल्या होत्या. आता तसं काही वाटत नसे. उलट त्या हिरव्या रेघा बघून मनातल्या मनात त्या हात जोडत.

हात जोडावेत असंच ते होतं. बाळंतपणात फाटलेला स्नायू उतारवयात पार सैल पडला आणि आठ वर्षांपूर्वी गणपतीच्या देवळात, भर आवर्तनात, बसल्या जागी त्यांना आवरलं नाही. सतरंजी पदराने पुसून त्या उठल्या आणि घरी आल्या. मंडळातल्या बायकांना म्हणाल्या, गुडघे गेले. तेव्हापासून त्यांची पूजा, जप, नेमधर्म सगळं घरातल्या घरात, न्हाणीघरापासून दहा पावलांवर.

मग हा संयमक आला. माकडहाडाच्या वर कातडीखाली बसवलेली, सैल स्नायूला आवळून धरणारी, चिंचोक्याएवढी वस्तू. येत्या मंगळवारी अंगारकी होती. देवळात अथर्वशीर्षाची हजार आवर्तनं व्हायची होती, चार तासांची एक बैठक. सगुणाताईंनी मंडळात नाव दिलं होतं. गुडघे बरे झाले, असंही सांगितलं होतं.

"ताई, एक वाईट बातमी आहे," ऋजुता भाकरे म्हणाली. ही संस्थेतली यंत्रज्ञ. संयमकाला शिकवणं हे तिचं काम. "तुमचा संयमक पुसावा लागणार. आजच."

"पुसायचा म्हणजे?"

"शिकलेलं सगळं काढून टाकायचं. पुन्हा सगळं शिकून पक्कं व्हायला तीन महिने लागतील."

सगुणाताईंच्या बोटांनी पदराचं टोक धरलं. "मंगळवारनंतर नाही चालणार?"

"आधी त्यांना नीट समजावून सांग," खिडकीपाशी उभे असलेले डॉक्टर मुकुंद शेवडे म्हणाले. संयमक त्यांनीच घडवला होता, सगुणाताईंना बसवलाही त्यांनीच. साठी ओलांडलेला, एकटा राहणारा, देवाधर्माचं नाव काढलं की भुवया चढवणारा माणूस. पण हात हलका आणि जीभ खरी.

"हे बघा," ऋजुता म्हणाली, "जुनी रोपणं एकसारखा रेटा देत बसायची, दिवसरात्र. त्यात स्नायू थकायचा. संयमक तसा नाही. पोटात घास गेला की खालच्या आतड्याला हलायचा हुकूम जातो. तो हुकूम कधी येणार हे संयमक तुमच्या रोजच्या वागण्यावरून शिकतो. येणार असेल तेव्हा घट्ट धरतो, नसेल तेव्हा सैल सोडतो, स्नायूला विसावा देतो. हे जे शिकतो, त्याला आम्ही सवयपट म्हणतो."

"जे रोज न चुकता घडतं तेवढंच त्याला शिकता येतं," डॉक्टरांनी जोड दिली. "आणि हल्ली न चुकता काही करणारी माणसं आहेत कुठे? कोणी अकराला जेवतो, कोणी चारला. बाकीच्यांचे संयमक गोंधळले. तुमचा रोजच्या वेळा एकवीस दिवसांत शिकला. इतका स्वच्छ सवयपट मी दुसरा पाहिला नाही."

"म्हणून गेल्या सप्टेंबरात आम्ही त्याची नक्कल पाच जणांच्या संयमकात घातली," ऋजुता म्हणाली. "तुमची परवानगी घेतली होती, आठवतं?"

सगुणाताईंनी मान हलवली.

"त्यांना सांगितलं, या वेळांना उठा, या वेळांना जेवा. सगळं झकास चाललं. पण दर महिन्याला एक दिवस पाचही संयमक सकाळपासून सैल. दुपारी जेवले की फजिती. तिसऱ्या रुग्णाची तक्रार दोन महिन्यांनी थांबली, बाकी चौघांचे हाल चालूच आहेत. एक शाळामास्तर आहेत, वर्गात उभे होते."

डॉक्टरांनी खोकून घसा साफ केला आणि खिडकीबाहेर पाहिलं.

"चूक मुळातच आहे," ऋजुता पुढे म्हणाली. "तुमच्याही संयमकात तेच. साडेएकोणतीस दिवसांनी एकदा हा दिवसभर झोपतो आणि रात्री नऊच्या पुढे दचकून जागा होतो. वेळही दर खेपेला वेगळी. आमच्या गणितात असं काही नाही. नोव्हेंबरची सव्वीस, डिसेंबरची सव्वीस, जानेवारीची चोवीस. पुढची बावीस फेब्रुवारी, म्हणजे हाच मंगळवार. म्हणून म्हणते, आज पुसू या."

पहिल्या तारखेलाच सगुणाताईंच्या लक्षात आलं होतं.

सासूबाईंनी व्रत हाती देताना एकच अट घातली होती: कुणाला बोलून दाखवायचं नाही, दाखवलं की त्याचं प्रदर्शन होतं. एकतीस वर्षं महिन्यातला तो दिवस त्यांनी चंद्र दिसेपर्यंत पाण्यावर काढला होता आणि शेजारणीलाही कळू दिलं नव्हतं. संस्थेच्या अर्जावर प्रश्न होता, उपवास करता का? लिहिणं म्हणजे बोलून दाखवणंच, म्हणून त्यांनी 'नाही' लिहिलं होतं.

आताही गप्प राहता आलं असतं. अंगारकी हुकली असती, तीन महिन्यांनी पुन्हा सगळं सुरळीत झालं असतं. पण ते शाळामास्तर डोळ्यांपुढून हलेनात. मुलांसमोर उभा असलेला माणूस त्या क्षणी कुठे बघतो, हे या खोलीत त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक असणार?

"यंत्र चुकलेलं नाही," त्या हळूच म्हणाल्या. "मी चुकले. त्या दिवशी संकष्टी असते."

पडद्यावरच्या तारखेकडे नेलेलं ऋजुताचं बोट हवेतच राहिलं.

"मी चंद्रोदयापर्यंत खात नाही. मग नैवेद्य दाखवून जेवते. त्याला तेवढंच दिसलं असेल, की या दिवशी घास येत नाही, रात्री येतो. बिचारा विसावा घेत होता."

ऋजुताने पंचांग उघडून तारखा ताडून पाहिल्या. चौदाच्या चौदा जुळल्या, चंद्रोदयाची मिनिटंसुद्धा. "म्हणजे याने चंद्राचा महिना काढला," ती म्हणाली. "कोणी न सांगता. आणि आम्ही पाच महिने ते दुरुस्त करायला बसलोय."

"अर्जात एक रकाना वाढव," डॉक्टर म्हणाले. "नेम कोणते, असा. कारण विचारायचं नाही. ताईंचा संयमक आहे तसाच राहू दे. त्या पाच जणांना मात्र स्वतःचा सवयपट शिकवायला घे."

"त्याला तीन महिने लागतील. तोवर त्या दिवशी जेवू नका म्हणून कळवते," म्हणत ऋजुता बाहेर गेली.

सगुणाताई उठल्या, पिशवी घेतली. डॉक्टर दारापर्यंत आले, पण दार काही उघडेनात.

"ताई, मंगळवारी चंद्र किती वाजता?"

"नऊ सदतीस." मग त्यांनी वर पाहिलं.

"तिसरा रुग्ण मी," डॉक्टर म्हणाले. "शस्त्रक्रियेनंतर आतडं दुबळं झालं. स्वतःच केलेली वस्तू स्वतःला लागली, हे सांगायला जड गेलं. दोनदा फजिती झाल्यावर त्या दिवशी दिवसा खाणंच सोडलं. साडेआठला जेवलो तर पस्तावायचो, साडेनऊनंतर ठीक. का, ते कळत नव्हतं." ते जरा थांबले. "स्वयंपाकाच्या मावशी हल्ली माझ्याकडे बघून हसतात. गेल्या खेपेला रात्री ताटात मोदक होता. मी विचारलं नाही, खाल्ला. आता अजून तीन महिने. त्यांना काय सांगू?"

सगुणाताईंना हसू आलं, ते त्यांनी पदराआड केलं. मंगळवारची बैठक त्यांना आत्ताच दिसत होती. सतरंजी, बायकांच्या रांगा, त्यात आपली जागा.

"काही सांगू नका," त्या म्हणाल्या. "बोलून दाखवायचं नसतं."