रिकाम्या डबीचं उत्तर

प्रयोगशाळेत तिला सगळे हळूबाई म्हणत, आणि तिला ते आवडायचं. कामच तसं नाजूक होतं. क्युबिटची, म्हणजे क्वांटम संगणकाच्या शून्य-एक साठवणाऱ्या घटकाची, चिप अॅल्युमिनियमच्या डबीत बंद, डबी शीतपेटीच्या तळाशी. चिपला थेट डिवचलं की तिची अवस्था मोडलीच. म्हणून डबीला एक हलकी लहर पाठवायची, परतणाऱ्या सुरावरून आत शून्य आहे की एक ते ओळखायचं, आणि लगेच पुन्हा विचारायचं. दोन्ही उत्तरं जुळली तर आपल्या बघण्यानं आत काही बिघडलं नाही.

घरीही तिनं हीच रीत लावली होती. आजारपणानंतर थोरल्या भावानं स्वतःला खोलीत कोंडून घेतलं. कुणी समोर गेलं की त्याचा श्वास अडकायचा. मग बाहेरून दार उघडायचंच नाही, असं ठरलं. आईनं दारावर टकटक करून विचारायचं. आतून एक ठोका म्हणजे हो, दोन म्हणजे नाही. प्रत्येक प्रश्न दोनदा. ताट उंबऱ्यावर ठेवायचं, रिकामं उचलायचं. दादा जगावा, एवढंच तिला हवं होतं. तोंड दिसलं नाही तरी चालेल.

त्या दुपारी शीतपेटी दुरुस्तीसाठी उघडली. तंत्रज्ञ डबीचे स्क्रू काढून आत डोकावला.

"हळूबाई, यात चिप कुठंय?"

"म्हणजे?"

"मागच्या खेपेला साफ करायला काढलेली, ती माझ्या कपाटातच राहिली वाटतं. आपण रिकामी डबी बंद केली."

"अहो, महिनाभर उत्तरं येताहेत. शून्य ठेवलं की शून्य, एक ठेवला की एक."

"तेच म्हणतोय मी," तो म्हणाला आणि उगाच हात पुसत राहिला.

ती तडक घरी आली. आई स्वयंपाकघरात होती.

"आई, दादाला शेवटचं कधी पाहिलंस?"

"तूच म्हणालीस ना, बघायचं नाही?"

तिनं खोलीचं दार ढकललं, आत गेली, आईला दिसू नये म्हणून ते मागे लोटून घेतलं.

पलंगावर बोटभर धूळ होती. उशीवरही. खोलीत कुणी नव्हतं. एकदा तरी बघायला हवं होतं.

बाहेरून टकटक झाली.

"दादा, आहेस ना रे?"

तिचे हात छातीशी होते. तिच्या खांद्याजवळ, दारावर, आतून एक ठोका पडला.

आईनं पुन्हा विचारलं. पुन्हा एक.

"आणि छोटी? तिथे आहे का?"

दोन ठोके.

"आई, मी इथेच आहे!" ती ओरडली.

आईनं रीतीप्रमाणे तोच प्रश्न शांतपणे परत विचारला.

दोन ठोके.

"बरं," आई म्हणाली. उंबऱ्यावर एकच ताट ठेवल्याचा आवाज आला.