वाघाने नेलेल्या बैलाची घंटा

काम साधंच होतं. गडचिरोलीच्या शिबिराला जाता जाता वाटेतल्या गावी थांबून, मी शस्त्रक्रिया केलेल्या रुखमाला तपासायचं.

रुखमाच्या मेंदूकडे रक्त नेणाऱ्या धमनीला लिंबाएवढा फुगा आला होता. तिच्या डोक्यात सतत लाकडी घंटा वाजायची. टोक... टोक... ती आमच्या बैलाची, असं तिचा नवरा कोलू सांगायचा. वाघाने बैल नेला तर त्याची घंटा जंगलातच झाडाला बांधून यायची, ही त्यांची रीत; नाहीतर बैल घंटेमागे येत राहतो, म्हणे. कोलूने ती घरी आणली होती.

"मीच कोरली होती जी. मले सोडवली नाई."

तो आवाज फुग्यातल्या रक्ताचा आहे, हे मी त्याला समजावलं. पण तो ऐकायला तिच्या मिटल्या डोळ्यावर स्टेथोस्कोप ठेवला तेव्हा मला लाकूडच ऐकू आलं. हे मी कुणाला बोललो नाही. सर्जनलाही अब्रू असते.

धमनीत आधी जाळीचा स्टेंट घातला होता, तरी फुगा भरतच राहिला. क्लिप लावून फुगा बंद करावा तर त्याचं तोंड रुंद आणि आड स्टेंट. उरला एकच उपाय. तिच्याच हातातली धमनी काढून मेंदूकडे नवी वाट जोडायची आणि जुनी कायमची बंद करायची. यात लकवा होऊ शकतो, जीवही जाऊ शकतो, हे मी सरळ सांगितलं.

"आवाज बंद होईन का?" कोलूने विचारलं.

"व्हायला हवा."

"मंग तो जाईन कुठी?"

मी हसलो. शस्त्रक्रिया उत्तम झाली.

गावात पोचलो तेव्हा भरदुपार होती. मोहाचा गोड, जड वास दाटला होता. कोलूने फाटक उघडलं आणि गाडी आत आली तरी ते धरून उभाच राहिला. मला वाटलं, मान देतोय.

रुखमा अंगणात मोहफुलं पसरत होती. हातपाय ठणठणीत. डोळ्यावर स्टेथोस्कोप ठेवला तर सगळं शांत. मला मनापासून बरं वाटलं.

"माया डोक्यातला आवाज गेला, डॉक्टर," ती हळूच म्हणाली. "तुमाले... कवापासून आयकू येते?"

मी बायकोलाही सांगितलं नव्हतं. स्वतःच्या डोळ्यावर स्टेथोस्कोप ठेवायची अजून हिंमत झालेली नाही. पुढचे उपाय मला पाठ आहेत.

"घंटा कुठे आहे?" मी कोलूला विचारलं.

"जंगलात बांधून आलो जी. पर उशीर झाला."

निघताना गाडीच्या आरशात पाहिलं. गाडी बाहेर पडली, धूळ खाली बसली, तरी कोलू फाटक उघडं धरून उभा होता. मग कुणीतरी समोरून बाहेर जावं तसा तो थोडा मागे सरला आणि त्याने फाटक लावून घेतलं.